न पडलेला वार : एका लाँगस्वर्ड सरावाचे प्रकरण

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका तालमीमागच्या पटांगणात, माझा जोडीदार आणि मी बोथट पोलादी लाँगस्वर्ड, म्हणजे दोन हातांनी चालवायच्या लांब युरोपीय तलवारी, घेऊन 21 चकमकी खेळलो. त्या दिवशी वहीत लिहिलेला निकाल माझ्या बाजूने स्पष्ट होता : माझे निखळ वार 11, त्याचे 4, आणि दोघांनाही एकाच वेळी लागले अशा चकमकी 6. आठवडाभराने मोबाइलवर घेतलेली चित्रफीत संथ करून पाहिली, तेव्हा हा निकाल टिकला नाही. माझ्या 11 वारांपैकी 2 लागलेच नव्हते, आणि 4 वारांच्या वेळी जोडीदाराची तलवार माझ्या डोक्यापाशी आधी पोचून थांबलेली होती. उरले 5. हा फरक मोजताना झालेल्या चुकीमुळे पडला असता, तर वहीतला आकडा खोडून विषय संपला असता. तो आमच्या दोघांच्या नात्यातून, त्याच्या तालमीतल्या शिकवणीतून आणि माझ्या समाधानातून आलेला होता, आणि त्याच्या आधारावर मी तीन महिने इतरांना चुकीचे शिकवले होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मी फौंड्रीच्या धंद्यात आहे. कामानिमित्त जर्मनीत राहण्याचा योग आला तेव्हा तिथल्या एका मंडळात ऐतिहासिक युरोपीय युद्धकला, जिला तिचे अभ्यासक इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हेमा’ म्हणतात, ती शिकलो आणि परत आल्यावर चार-पाच जणांना गोळा करून इथे सराव चालू ठेवला. जोडीदार माझ्यापेक्षा 15 वर्षांनी लहान आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून तो मर्दानी खेळ खेळतो. लाठी, फरी-गदका (ढाल आणि काठी), पट्टा (लांब पात्याची तलवार), विटा (दोरी बांधलेला भाला) या सगळ्यांवर त्याचा हात बसलेला आहे. तो मला दादा म्हणतो. त्याचे चुलते, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, उमेदीच्या काळात खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या केलेले पैलवान. त्या सकाळी ते कट्ट्यावर बसून पाहत होते. तलवारीतले आपल्याला काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. परंतु या प्रकरणाचे मर्म पहिल्यांदा त्यांनीच पकडले.

हेमा आणि मर्दानी खेळ यांच्यातला एक मूलभूत फरक आधी सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. हेमा ही मध्येच तुटलेली परंपरा आहे. 14 व्या शतकातील जर्मन गुरू योहान्नेस लिश्टेनाउअर यांचे गूढ पद्य त्यांच्या परंपरेतील लोकांनी 15 व्या शतकातील हस्तलिखितांत टीकेसह उतरवून ठेवले. इटलीत फिओरे दे लिबेरी यांनी त्याच शतकाच्या आरंभी आपली विद्या चित्रांसह लिहिली. स्ट्रासबुर्गमध्ये योआखिम मायर यांचा ग्रंथ 1570 साली छापला गेला. पुढे दोन हातांची लांब तलवार मागे पडली आणि ती हातात हात धरून शिकवणारा वस्ताद उरला नाही. आज जे काही केले जाते ते पोथी वाचून, तिचा अर्थ लावून केले जाते. आपण लावलेला अर्थ खरा की खोटा, हे समजून घ्यायला सरावातील लढतीइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही : समोर मनापासून विरोध करणारा माणूस उभा करायचा आणि वाचलेले त्याच्यावर चालते का, ते पाहायचे. अशा लढतीत समोरच्याने थोडी जरी सूट दिली, तरी चुकीचा अर्थ खरा ठरतो आणि पुढे तोच शिकवला जातो.

मर्दानी खेळाचे तसे नाही. कोल्हापूरच्या पेठांमधल्या तालमींनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला आहे, आणि पवित्रा कसा टाकायचा हे इथल्या मुलाला पुस्तकात शोधावे लागत नाही. त्या शिकवणीतली एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरते. जमिनीवर आडव्या झालेल्या माणसाच्या अंगावर किंवा पसरलेल्या तळहातावर लिंबू ठेवायचे आणि पट्ट्याने ते कापायचे. लिंबाच्या दोन फाकी झाल्या पाहिजेत आणि कातडीला ओरखडाही उठता कामा नये. जोडीदार हे लहानपणापासून करत आला आहे. वार पूर्ण वेगात नेऊन बोटभर अंतरावर रोखण्यासाठी त्याने शाबासकी मिळवलेली आहे. दुसरी गोष्ट हात फिरता ठेवण्याची. पट्टा फिरवताना हात थांबला की संरक्षणाचे कडे तुटते, म्हणून एक वार संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो. या दोन्ही सवयी तो लाँगस्वर्ड हातात घेताना बरोबर घेऊन आला, आणि दोन्हींचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

मराठी हाताला युरोपीय पोलाद परके आहे असे मात्र कोणी समजू नये. फिरंग म्हणून आपण जी तलवार ओळखतो, तिचे सरळ पाते युरोपातून आलेले किंवा त्या धर्तीवर घडवलेले असे आणि मूठ इथली बसवलेली असे. पहिल्यांदा माझी तलवार हातात घेतल्यावर जोडीदाराने ती तोलून पाहिली आणि ‘ही तर फिरंगच की, मूठ तेवढी वेगळी’ असे म्हटले होते. तो परकेपणाने या खेळाकडे आला नाही, हे मला पहिल्या दिवसापासून आवडत आले आहे.

सामग्रीबद्दल थोडे सांगतो. आम्ही वापरतो ती तलवार ‘फेडर’ या सरावाच्या प्रकारातली : वजन सुमारे 1.4 किलो, मुठीजवळ पाते रुंद, पुढे अरुंद, धार बोथट, टोक गोलसर, आणि भोसकल्यावर पाते वाकावे इतकी लवचीक. तोंडावर 1600 न्यूटन क्षमतेचा जाळीचा मुखवटा, अंगात जाड भरणीचे जाकीट, गळ्याला कडक पट्टी, हातांत बोटांवर ढाली असलेले जड हातमोजे. 1600 न्यूटन हा आकडा ऐकून नवशिक्याला फार हायसे वाटते, पण तो आकडा टोक आरपार जाऊ नये याविषयीचा आहे. वरून पडणाऱ्या पोलादी पात्याचा धक्का डोक्याला किती पोचेल, याबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय या मुखवट्याला मागची बाजू नसते. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूसाठी आम्ही चप्पल बनवणाऱ्या एका कारागिराकडून दुहेरी चामड्याचे आच्छादन शिवून घेतले. त्याने दिलेले टाके आजपर्यंत एकदाही उसवलेले नाहीत. पात्यावर पाते आदळून कडेला पोलादाचे बारीक काटे उठतात, ज्यांना उद्यमनगरातल्या कारखान्यांत ‘बर’ म्हणतात, ते प्रत्येक सरावाआधी कानशीने घासून काढायचे असा नियम आहे, कारण तोच काटा जाळीत किंवा मनगटाच्या फटीत शिरतो.

त्या दिवशी 7 चकमकींची एक अशा तीन फेऱ्या ठरल्या. लागलेल्याने स्वतः हात वर करून ‘लागला’ म्हणायचे, हा हेमामध्ये अनेक ठिकाणी पाळला जाणारा शिरस्ता आम्हीही पाळत होतो. तो मला फार प्रिय होता. स्वतःला बसलेला वार स्वतः सांगण्यात खेळाडूचा प्रामाणिकपणा दिसतो, असे मी सर्वांना सांगत असे. मोबाइल तिवईवर, सेकंदाला 240 चित्रे टिपणाऱ्या संथ पद्धतीवर लावलेला होता.

पहिल्या फेरीबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. दोघेही अंतर चाचपत होतो, कुस्तीतली खडाखडी असते तशी. दुसऱ्या फेरीत माझा हात बसला आणि लागोपाठ वार मिळत गेले. तिची शेवटची, म्हणजे 14 वी चकमक मी इथे जवळून सांगतो.

मी उजव्या खांद्यावरून तिरका उतरणारा घाव घातला. लिश्टेनाउअरच्या परंपरेत याला त्सोर्नहाउ, म्हणजे क्रोधाचा घाव म्हणतात. चिडलेला माणूस काही न शिकता जसा मारील तसाच तो असतो, म्हणून हे नाव. जोडीदाराने तो अडवला आणि पाती भिडली. इथे या विद्येचा गाभा सुरू होतो. मुठीकडचा अर्धा भाग बळकट, टोकाकडचा अर्धा दुबळा. भिडलेल्या पात्यातून समोरचा जोर लावतो आहे की सैल आहे, हे हाताला जाणवले पाहिजे आणि त्याप्रमाणे त्याच क्षणी पुढचे ठरले पाहिजे. पाती मधोमध भिडली होती. मी नेहमीप्रमाणे रेटले. गेले तीन महिने मी हेच करत आणि शिकवत आलो होतो, की पाते भिडले की बळकट बाजूने रेटा द्यावा, समोरच्याचे टोक बाजूला जाते आणि छाती उघडी पडते. जोडीदाराने माझ्या रेट्याला विरोधच केला नाही. त्याचे पाते सुटले, पट्ट्याच्या फिरकीसारखे त्याच्या डोक्यावरून वळले, दुसऱ्या बाजूने आले आणि माझ्या उजव्या कानाच्या वर, मुखवट्यापासून एक वीत अंतरावर येऊन हवेत उभे राहिले. माझी तलवार रेट्याच्या भरात डावीकडे गेली होती. ती मी सावरली, टोक त्याच्या छातीवर आणले, पाते वाकले. ‘लागला, दादा’, असे म्हणून त्याने हात वर केला, आणि मी वहीत माझ्या नावापुढे एक रेघ ओढायला सांगितली.

त्यावेळी मला त्याचे पाते दिसले होते का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकल्याचे आठवते. परंतु वार बसला नाही, याचा अर्थ तो येऊ शकला नाही, असा मी लावून घेतला. चित्रफितीत त्याचे पाते थांबल्यापासून माझे टोक त्याच्या छातीला टेकेपर्यंत 45 चित्रे मोजली. म्हणजे सेकंदाचा जवळपास पाचवा हिस्सा. खऱ्या लढतीत इतक्या वेळानंतर माझी तलवार छातीपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

फेरी संपल्यावर आम्ही मुखवटे काढून पाणी पीत होतो. काका कट्ट्यावरून म्हणाले, “आरं, ही कुस्ती न्हवं. नुरा चाललीया तुमची.”

कोल्हापुरात नुरा हा साधा शब्द नाही. आधीच ठरवून, लोकांना दाखवण्यापुरती केलेल्या कुस्तीला तो वापरतात आणि पैलवानाला त्याहून मोठा बट्टा नाही. माझ्या मानेपर्यंत रक्त चढले. मी म्हणालो, “काका, ठरवून काही केलेलं नाही.” त्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “ठरवून करत न्हाईसा, म्हनून तर तुमाला कळंना. त्येनं तलवार थांबवली, मग तुमची लागली. चार येळा बघितलं मी.”

जोडीदार खाली बघत होता. मी त्याला विचारले तेव्हा तो काही बोलला नाही. तिसरी फेरी आम्ही खेळलो खरे, पण दोघांचेही मन थाऱ्यावर नव्हते. 6 पैकी 4 दुहेरी वार याच फेरीत झाले.

चित्रफीत मी एकट्याने न पाहता त्याच्याबरोबर बसून पाहिली, आणि हा निर्णय बरोबर ठरला. 3 चकमकींत माझी पाठ कॅमेऱ्याच्या आड आली होती. तिथे वहीतला निकालच कायम धरला. बाकीच्या प्रत्येक चकमकीत दोघांची टोके, दोघांचे पुढचे पाय आणि हात पहिल्यांदा कधी हलले, हे लिहून काढले. काकांचे चार शब्दशः खरे निघाले. न लागलेल्या 2 वारांत माझे पाते त्याच्या मुठीच्या आडव्या दांडीवर आपटले होते. आवाज झाला म्हणून त्याने हात वर केला आणि मी तो मान्य करून घेतला.

14 वी चकमक तिसऱ्यांदा चालू असताना तो बोलायला लागला. “दादा, काकांच्या समोर तुमच्या डोक्यात कसं घालू?” हे एक कारण. दुसरे त्याने अधिक विचार करून सांगितले. त्याच्या तालमीत वार रोखता येणे हाच सफाईचा दाखला आहे. त्यामुळे पाते वीतभर अंतरावर उभे राहिले की त्याच्या लेखी वार पुरा झालेला असतो, समोरच्याला तो कळलेला असतो, आणि पुढे काही करायचे उरत नाही. “मला वाटायचं तुम्हाला दिसतंय,” तो म्हणाला. म्हणजे त्याच्या बाजूने तो माझ्याशी लबाडी करत नव्हता. तो त्याच्या परंपरेच्या भाषेत मला स्पष्ट सांगत होता की तुमचे डोके उघडे आहे, आणि माझ्या कानांना ती भाषा ऐकू येत नव्हती. वर ‘लागला’ म्हणण्याच्या माझ्या लाडक्या शिरस्त्याने त्याच्या आदराला आणखी एक वाट मोकळी करून दिली होती : मी वडील, मी शिकवणारा, माझे टोक छातीला लागले आहे, हात वर करणे हीच रीत.

दोष कोणाचा हे ठरवायचे असेल तर तो बहुतेक माझा आहे, आणि हे मी नम्रतेपोटी लिहीत नाही. पोथीचा अर्थ लावण्याची जबाबदारी माझी होती. लिश्टेनाउअरच्या परंपरेत भिडलेल्या पात्यात समोरचा जोर लावत असेल तर सैल होऊन त्याच्या जोराला वाट द्यावी आणि दुसऱ्या उघड्या जागी मारावे, हे पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. ते मी वाचलेले होते. तरीही रेटण्याची युक्ती आमच्या पटांगणात यशस्वी होत होती, म्हणून मी वाचलेले बाजूला ठेवले आणि अनुभवाला प्रमाण मानले. तो अनुभव एका मुलाच्या सौजन्यावर उभा होता. ज्याने ती पोथी कधी उघडली नाही, त्या जोडीदाराच्या मनगटांनी 14 व्या चकमकीत पोथीतले उत्तर बिनचूक दिले, आणि पोथी शिकवणाऱ्या मला ते ओळखता आले नाही. या एका गोष्टीचे मला अजून वाईट वाटते.

दुहेरी वारांचे कारण वेगळे निघाले. 6 पैकी 2 मध्ये त्याला आधी लागले होते, पण त्याचा हात फिरताच राहिला आणि पुढच्या वळणावर माझ्या खांद्यावर किंवा हातावर आला. फिरत्या हाताच्या सवयीची ही उलटी बाजू. उरलेल्या 4 मध्ये माझा पुढचा पाय हाताच्या आधी निघत होता. एका ठिकाणी हे अंतर 30 चित्रे, म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा भरले. पाय आधी गेला की शरीर माराच्या टप्प्यात पोचते आणि तलवार अजून मागेच असते. समोरच्याला नुसता हात लांब करायचा असतो. इंग्रज लेखक जॉर्ज सिल्व्हर याने 1599 साली लंडनमध्ये या गोष्टीवर फार जोर दिला : आधी हात, मग शरीर, मग पाय, हा खरा क्रम आणि पाय आधी निघाला तर तो खोटा. त्याचा राग इटालियन पद्धतीने रेपियर, म्हणजे भोसकण्याची लांब अरुंद तलवार, चालवणाऱ्यांवर होता, कारण त्यांच्या लढतीत दोघेही जखमी होतात असे त्याचे म्हणणे. आमच्या वहीत ‘दुहेरी’ असा एक निरुपद्रवी शब्द होता आणि आम्ही तो हसत लिहीत असू. धारदार तलवारी असत्या तर त्या शब्दाचा अर्थ पटांगणात दोन माणसे पडली असा झाला असता.

जाकीट आणि मुखवटा यांनीही हे लपवायला मदत केली. फिओरे दे लिबेरी आपल्या प्रस्तावनेत सांगतात की, इतर गुरूंशी त्यांना पाच वेळा धारदार तलवारीने, चिलखताशिवाय, अंगात भरणीचा अंगरखा आणि हातांत चामड्याचे मोजे एवढ्यावर लढावे लागले; आणि अशा एका लढतीपेक्षा चिलखत घालून रिंगणात तीनदा लढणे आपण पत्करू, कारण चिलखतात चूक झाली तरी माणूस पुढे लढू शकतो, धारदार तलवारीपुढे एकच अडवणूक चुकली की मरण. आमची सगळी सुरक्षा सामग्री म्हणजे चिलखतच आहे. तिच्याशिवाय सराव करणे वेडेपणाचे ठरेल. पण तिच्यामुळे चूक अंगाला कळत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने कळण्याची सोय करावी लागते, आणि ती सोय आम्ही केलेली नव्हती.

मग काय बदलले? पहिली सूचना काकांची होती. पुतण्याला त्यांनी सांगितले, “पाया पडायचं त्ये मातीत उतरायच्या आदी. उतारलं की समोर नुसती जोड. दादा न्हाई, कोन न्हाई.” तेव्हापासून सरावाआधी तो रिवाजाने नमस्कार करतो, माझ्याकडून आशीर्वाद घेतो, मग मुखवटा चढवतो, आणि मुखवटा तोंडावर असेपर्यंत ‘दादा’ हा शब्द उच्चारायचा नाही, असे ठरले. हा नियम दिसायला लहान आहे, पण मुखवटा हनुवटीखाली ओढताना त्याचा चेहरा बदलतो हे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट वाराच्या जोराची. जोराने मार, हळू मार, असे सांगून काही साधत नाही, कारण प्रत्येकाचे हळू वेगळे. आम्ही आण्यांत बोलायला लागलो. चार आणे म्हणजे नुसता स्पर्श, आठ आणे म्हणजे मुखवट्याचा आवाज व्हावा पण मान हलू नये, बारा आण्यांच्या वर कधीही जायचे नाही. फेरीआधी त्याने माझ्या मुखवट्यावर वरून, उजवीकडून, डावीकडून दहा वार आठ आण्यांचे घालायचे आणि मी प्रत्येकाला ‘कमी’, ‘बरोबर’ किंवा ‘जास्त’ म्हणायचे. पहिल्या दिवशी त्याचे पहिले चार वार दोन आण्यांचेही नव्हते. पाचव्याला मी ओरडलो तेव्हा तो थोडा सैलावला. वाराचा जोर आठ आण्यांचा असला तरी मारण्याचा इरादा सोळा आणे हवा, हे तोडगा म्हणून त्यानेच शब्दांत मांडले, आणि आता आमच्या गटात ते सगळ्यांच्या तोंडी आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड गेली. लागलेल्याने स्वतः सांगण्याचा शिरस्ता आम्ही तूर्त बंद केला आणि निकाल तिसऱ्या माणसाकडे दिला. रोखलेला वार हा बसलेला वार धरायचा, असेही ठरले. रोखणाऱ्याने ‘आला’ असे मोठ्याने म्हणायचे म्हणजे झाले. वार रोखण्याची त्याची हातोटी मोडावी असे मला एकदाही वाटले नाही. समोरच्याची पाठ वळली, मुखवटा सरकला, पाय घसरला, अशा वेळी पाते हवेत थांबवू शकणारा जोडीदार मिळणे भाग्याचे आहे, आणि जर्मनीतही मला असा हात असलेले फार थोडे लोक भेटले. अडचण एवढीच होती की ते थांबणे मुके होते. त्याला बोलते केले.

माझ्या पायासाठी मी छताच्या कडीला दोरीने नारळाची करवंटी टांगली आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी शंभर घाव घालू लागलो, पाते करवंटीला लागल्याचा आवाज येईपर्यंत टाच जमिनीवरून सोडायची नाही, या अटीवर. पहिल्या आठवड्यात दहातले सात चुकत. वयाच्या या टप्प्यावर पायाची सवय मोडणे फार हळू होते.

तीन आठवड्यांनी त्याच पटांगणात पुन्हा 21 चकमकी झाल्या, निकालाला काका. माझे निखळ वार 6, त्याचे 9, दुहेरी 4, आणि 2 चकमकी कोणालाच न लागता सुटल्या. सुरुवातीच्या पाच चकमकींत तो ताठर होता. मारायचे ठरवून आलेला माणूस जसा आखडतो तसा. सहाव्या चकमकीत मी पुन्हा सवयीने रेटले, त्याचे पाते वळले आणि या वेळी आले ते थेट मुखवट्याच्या वर, उजवीकडे. कानात घंटा वाजल्यासारखे झाले. वार आठ आण्यांपेक्षा थोडा जास्त होता. तो एकदम मागे सरला आणि त्याच्या तोंडून ‘दादा’ निघून गेले. आम्ही थांबलो. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपवायचा, हा नियम आमच्याकडे आधीपासून आहे आणि तो वाटाघाटीचा विषय नाही. दहा मिनिटे सावलीत बसलो, काकांनी मला तारीख, वार आणि आदल्या चकमकीचा निकाल विचारला, मी नीट सांगितला, मग पुढे खेळलो.

त्यानंतर दोन वेळा तोच वार मी खाल्ला. नवव्या चकमकीच्या सुमारास माझ्या हातांना आपोआप कळू लागले की भिडल्यावर रेटायचे नाही. सोळाव्या चकमकीत पाती भिडली, त्याचे पाते सुटायच्या आत मी मूठ वर उचलून वळवली, टोक त्याच्या चेहऱ्यासमोर धरून ठेवले, आणि तो वळण घेता घेता स्वतःच त्या टोकावर आला. पोथीत विंडेन म्हणून सांगितलेली ही क्रिया मी चार वर्षांपासून हवेत करत होतो. तिची गरज का पडते, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले, कारण खरोखर माझ्या डोक्यात घालायला निघालेला माणूस पहिल्यांदाच समोर होता.

गटातल्या बाकीच्या चौघांना मी सगळे सांगितले, दोन्ही दिवसांच्या वहीची पाने दाखवली आणि रेट्याचा धडा मागे घेतला. त्यांच्यापैकी दोघांच्या हातात तो आता पक्का बसला आहे. तो काढायला, शिकवायला लागला त्याहून जास्त वेळ लागेल असे दिसते.

अजून दोन गोष्टी बाकी आहेत. निकाल तिसऱ्याकडे किती दिवस ठेवायचा, यावर आमचे एकमत नाही. जोडीदाराच्या मते तो कायमचा तसाच ठेवावा, मला मात्र स्वतःला लागलेले स्वतः सांगण्याची रीत परत आणायची आहे, ती आणण्याइतके आम्ही दोघेही तयार झालो की. दुसरी गोष्ट त्याच्या बाजूची आहे. पुढच्या रविवारपासून एका फेरीत फरी-गदका खेळायचा ठरला आहे. चामड्याची फरी डाव्या हातात, गदका उजव्या हातात, आणि शिकवणारा तो. त्यात मी नवशिका, पण वयाने मोठा. तिथे त्याने मला सांभाळून घेतले तर ते मला कसे कळणार, हे मी काकांना विचारले. त्यांनी वही मागून घेतली आणि नव्या पानावर दोन रकाने आखायला सांगितले, एक लागलेल्याचा आणि एक राखलेल्याचा.